खालची फळी

नाही हो साहेब, हे इस्त्रीचं टेबल आहे. फळी नव्हे ती. ठोकून काय बघताय — टेबलच आहे, वाका खाली, चार पाय दिसतील — पूर अडवायच्या फळीला पाय असते तर ती आपणहून चालत गेली असती भिंतीपाशी, तुम्हाला असं भर पावसात घरोघर हिंडावं लागलं नसतं. बसा. त्या स्टुलावर नको, लंगडं आहे ते, खुर्चीवर बसा. गाठोडं सारा बाजूला — वकीलसाहेबांच्या घरचे कपडे आहेत, सारा खुशाल, कपडे काही तुमच्यावर दावा लावत नाहीत. फळी ना? दाखवते की. फळी काय पळून चाललीय? घरातच आहे. घरात म्हणजे — आत. जपून ठेवलीय. तुमच्याच खात्यानं सांगितलं होतं ना, प्रत्येक घरानं आपली फळी जिवापाड जपायची — मग जपलीय जिवापाड. आधी डोकं पुसा, हा घ्या टॉवेल, गल्लीतल्या मास्तरांचा आहे, इस्त्रीला आलेला, धुतलेला आहे. — कोणी नाही हो आई! पूर खात्याचे साहेब आलेत! — पूर नाही आला, साहेब आलेत, साहेब! — सासूबाई आमच्या. हाक मारली की ऐकू येत नाही आणि कुजबुजलं की लख्ख ऐकू येतं, असा त्यांचा कान आहे.

फोटो काढायचाय म्हणता — फळी आणि फळीची राखणदारीण, दोघींचा एकत्र? काढू हो. हा एवढा एक शर्ट होऊ दे, तापलेली इस्त्री सोडून उठलं तर वीज वाया जाते, आणि वीजही म्हणे आपल्या सगळ्यांची जबाबदारी आहे. तुम्ही नवीन ना या भागात? वाटलंच. जुने साहेब आत यायचे नाहीत. गल्लीच्या तोंडाशी गाडीतूनच विचारायचे, सगळं ठीक? आणि आम्ही इकडून हात हलवायचो — पाणी आलंय, धावा, म्हणून हलवला तरी ते ठीक समजून निघून जायचे. तुम्ही पायी आलात, बूट चिखलात घातलेत, म्हणून चार शब्द सांगते, एरवी मी कोणाच्या अध्यात ना मध्यात.

भिंत बघितलीत ना येताना? आमच्या घराला लागूनच. भिंत नदी खात्याची. भिंतीच्या मधोमध नदीकडे उतरायला वाट ठेवलीय, ती वाट रस्ते खात्याची. म्हणजे भिंत एका खात्याची आणि भिंतीतलं भोक दुसऱ्या खात्याचं. पाणी कोणाचं विचाराल, तर धरणात असेपर्यंत धरण खात्याचं, नदीत उतरलं की नदी खात्याचं, आणि माझा उंबरा ओलांडला की माझं — तिथे मात्र एकही खातं हक्क सांगायला येत नाही. भोक बुजवायला फळ्या होत्या. दोन्ही बाजूंना लोखंडी खाचा आहेत, त्यांत वरून एकेक फळी सोडायची, एकीवर एक, की झाली भिंत सलग. शेंबडं पोरही करील. पण त्या फळ्या ठेवलेल्या पत्र्याच्या खोलीत, आणि खोली नगरपालिकेची, फळ्या नदी खात्याच्या, कुलूप रस्ते खात्याचं. मागच्या पुरात किल्ली आणायला एक माणूस गेला — तो या कचेरीतून त्या कचेरीत, त्या कचेरीतून तिसरीत, सगळीकडे चहा पीत पीत हिंडला — तोवर दार पाण्यानंच उघडलं. आम्ही वरून, धाकट्या जावेच्या खिडकीतून बघत होतो. सासूबाई तेव्हा चालत्याफिरत्या होत्या, आपल्या पायांनी जिना चढून आल्या होत्या. फळ्या खोलीतून तरंगत बाहेर आल्या, रांगेनं, अगदी शिस्तीत, आणि आमच्या दारावरून पुढे गेल्या. पूर अडवायच्या फळ्या, साहेब, पुराबरोबरच निघून गेल्या.

मग नवीन फळ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर नवीन योजना आली. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, मोठे साहेब आले. म्हणाले, आता खोली नको, कुलूप नको, किल्ली नको — एक घर, एक फळी! पाणी येतंय कळलं की ज्यानं त्यानं आपली फळी घेऊन यायचं आणि आपल्या हातानं खाचेत सोडायची. सामायिक जबाबदारी! सरकार आणि समाज म्हणे एका गाडीची दोन चाकं. टाळ्या वाजल्या, मीही वाजवल्या — फक्त विचारायचं राहिलं, की चाकं तुम्ही आणि आम्ही, मग गाडीत बसलंय कोण? आणि सामायिक हा शब्द आम्हाला काय नवा आहे? सामायिक बोळ, सामायिक नळ, सामायिक जिना — ज्याचा वापर सगळ्यांचा आणि झाडू कोणाचाच नाही, ते सामायिक. पुढे म्हणाले, पाणी भेदभाव करत नाही, बंधूभगिनींनो! करतं की! पाण्यासारखा भेदभाव करणारा मी दुसरा बघितला नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला बेकरीवाला राहतो, त्याच्या पायरीशी येऊन पाणी मागे फिरतं, चुकीच्या घरी आल्यासारखं. माझ्याकडे मात्र माहेरी आल्यासारखं येतं, थेट स्वयंपाकघरात शिरतं आणि आठवडाभर हलत नाही. शेवटी साहेब गहिवरून म्हणाले, तुम्ही नागरिक म्हणजे पूर नियंत्रणाची पहिली फळी आहात. मला बरं वाटलं हो. आमच्या माहेरी-सासरी कोणी मला आजवर पहिली म्हटलेलं नव्हतं.

आणि ते पूर नियंत्रणाचं ऐकलंत का तुम्ही? नाही? अहो, फळ्यांवर "पूर नियंत्रण समिती" असं रंगवायचं होतं. पेंटर आमच्याच गल्लीतला, बाराही महिने लग्नपत्रिका आणि कमानी रंगवणारा, हात तिकडे वळलेला — त्यानं रंगवलं "पूर निमंत्रण समिती." एका फळीवर नाही, सगळ्या फळ्यांवर! वाटून झाल्यावर मास्तरांच्या लक्षात आलं. मग चूक कोणी सुधारायची? मास्तर म्हणाले खात्यानं, खातं म्हणालं पेंटरनं, पेंटर म्हणाला रंग संपला. राहिलं तसंच. एवढं अगत्यानं बोलावल्यावर न येऊन करतं काय बिचारं पाणी?

बरं, मला सांगा, कोणाकोणाच्या फळीचा फोटो मिळाला तुम्हाला? औषधवाल्यांचा? मिळणारच, त्यांची फळी दुकानात दर्शनी लावलीय. त्यावर खोकल्याच्या बाटल्या आहेत ना ओळीनं? मी विचारलं, दादा, पाणी आलं तर? तर म्हणाले, वहिनी, पाणी आलं तर गल्लीला खोकला होणार, मग बाटल्या कुठे ठेवू? या माणसाशी कसं बोलणार तुम्ही? वकीलसाहेबांनी दाखवलीच नसेल. त्यांचं म्हणणं, फळीचा ताबा माझा, मालकी सरकारची — उद्या मी ती खाचेत सोडली आणि शेजारच्या घरात पाणी शिरलं तर जबाबदार कोण? म्हणून ते लेखी मागतायत. पाण्याकडून बहुतेक. मास्तरांची बघितलीत? कशी दिसते! बायकोला कधी नवं वस्त्र आणलं नसेल इतक्या हौसेनं त्यांनी तिला पॉलिश केलंय, वर प्लास्टिक गुंडाळलंय, त्यातूनही आपलं तोंड दिसतं. मी म्हटलं, मास्तर, आणणार ना वेळेला? तर कळवळून म्हणाले, अहो, भिजेल ना ती! आणि ते दोघे भाऊ — भांडी दुरुस्त करणारे — त्यांनी वाटणी केली तेव्हा घर वाटलं, दुकान वाटलं, आणि फळी? फळी मधोमध आडवी चिरली! दोघांना दोन चिरफळ्या. एक म्हणतो माझी अर्धी मी आणीन, दुसऱ्याचं मला विचारू नका. अर्धी फळी दोन्ही खाचांना पुरते तरी का हो? पण न्याय म्हणजे न्याय.

आमच्याकडे तसं नाही. आमच्याकडेही दोन चुली, खाली मी, वर धाकटी — पण आम्ही फळी चिरली नाही. आम्ही सासूबाई वाटून घेतल्या. हसताय काय? खरंच सांगते. कोरडे महिने माझ्याकडे खाली, पावसाळा धाकटीकडे वर. ठरलं होतं, भाऊजींनी स्वतः ठरवलं होतं, सगळ्यांदेखत. आमचे हे मालगाडी — म्हणजे ट्रक हो, ट्रक चालवतात — ते महिन्यातले चार दिवस घरी, ते म्हणाले, तुम्ही दोघी ठरवाल ते. आणि मग सासूबाईंची पाठ गेली. मणका. बसल्या बसल्या सरकतात कशाबशा, उभ्या राहत नाहीत. आता पावसाळा आला तरी जिना कसा चढणार? धाकटी जिन्याच्या वरच्या पायरीवरून म्हणते, वहिनी, मी कुठे नाही म्हणतेय, आईंची जबाबदारी माझीच आहे — फक्त त्यांनी वर यायला हवं. किती गोड! त्या वर आल्या की तिची जबाबदारी, खाली आहेत तोवर माझी, आणि जिन्याच्या मधल्या पायऱ्या, त्या कोणाच्याच नाहीत. तुमच्या खात्यात शोभेल ती, घेऊन टाका. आता मीही काही गरीब गाय नाही, मीही बोलते. पण एकटीनं उचलून नेईन म्हटलं तर हाडं त्यांची मोडतील की माझी, सांगता येत नाही.

— आले हो, आले! कूस वळवायचीय त्यांना. दर थोड्या वेळानं वळवावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. बसा, तुम्ही कुठे उठताय? आत नका येऊ, साहेब! बाईमाणसाची खोली आहे. पडदा सोडा, सोडा तो पडदा — आले मी एवढ्यात.

झालं. काय म्हणत होत्या? विचारत होत्या, किती वर आलंय. रोज विचारतात. मी सांगते, नदी तळाशी आहे आई, नुसते दगड दिसतायत. त्या हं म्हणतात. पटत नाही त्यांना, पण हं म्हणतात. मी काय सांगू दुसरं? तुमच्या खोलीत सगळ्यात आधी शिरतं, तुम्हाला पळता येत नाही, आणि मला तुम्हाला उचलता येत नाही, असं सांगू? तुम्ही सांगाल तुमच्या आईला?

नको, फोटो नंतर. तालमीचं ऐका आधी. पूर यायच्या आधी म्हणे त्याची तालीम करायची असते, नाटकाची करतात तशी. उन्हाळ्यात झाली. लख्ख ऊन, नदीत पाण्याचं नाव नाही, आणि आम्ही सगळे फळ्या घेऊन भिंतीपाशी जमायचं. मी गेले हो! गल्लीत पहिली मी गेले. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, उशा लावल्या, खालून फळी ओढून काढली आणि फरफटत नेली भिंतीपाशी — जड आहे ती, लोखंडाची पट्टी आहे कडेला — आणि भोकासमोर उभी राहिले, तर बाकी कोणी — काय? कशाखालून?

कशाखालून म्हणजे — असं बोलायची पद्धत असते ना. खालून म्हणजे... आता तुम्ही शब्दात पकडणार असाल तर वकीलसाहेबांकडेच जा.

बरं. आहे. त्यांच्याखालीच आहे. झालं समाधान? डॉक्टर म्हणाले, पलंगाच्या जाळीला झोळ आलाय, कडक लाकूड हवं पाठीखाली, सपाट, रुंद, न वाकणारं. मी म्हटलं, आहे की सरकारनं दिलेलं! बरोब्बर बसलं अगदी, मापाचं करून घेतल्यासारखं. त्या रात्री पहिल्यांदा म्हाताऱ्या माणसाला झोप लागली. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी तुमच्या खात्याला दुवा दिला, खरंच दिला. मी काय त्यावर बाटल्या मांडल्या नाहीत, चिरली नाही, पॉलिश केलं नाही. माणूस निजवलंय त्यावर. आणि काढा ना फोटो, फळी आणि फळीवरची म्हातारी, लावा कचेरीत — समाजाचा सहभाग!

आणि तालमीचं काय झालं ते ऐका ना पुरतं. मी उभी उन्हात. हळूहळू आले. कोणी फळी घेऊन, कोणी फळी का आणली नाही ते घेऊन. मोठ्या साहेबांचं भाषण झालं, मास्तरांचं आभारप्रदर्शन झालं, जेवढ्या फळ्या आल्या तेवढ्या सोडल्या, वर भोक उरलं ते फोटोत दिसू नये म्हणून तिथे माणसं उभी केली. उत्तम झाली तालीम. सगळे पांगले आणि फळी काढून परत न्यायला कोणी नाही — वरच्या फळ्या ज्याच्या त्यानं उचलल्या, माझी राहिली. मी ओढत ओढत आणली. तर आत आई खुर्चीतून घसरून खाली. किती वेळ पडल्या होत्या कोण जाणे. नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्यानंतर पाठ आणखी गेली त्यांची. तेव्हाच मी ठरवलं — आता आधी सगळे येऊ देत माझ्या दारात, आपापली फळी खांद्यावर घेऊन, औषधवाले, वकील, मास्तर, दोघे भाऊ, बेकरीवाला, झाडून सगळे. दिसू देत मला. मग मी आईंना उठवीन. त्याआधी नाही. मूर्ख एकदा बनले, शहाणी झाले.

हो. माहितीये मला. तुम्ही काय सांगायला आलात नवीन? माहितीये हो, की माझी फळी सगळ्यात खालची आहे. रबराची पट्टी तिलाच आहे खालच्या अंगाला, जमिनीला चिकटून बसणारी. माहितीये की ती बसल्याशिवाय वरची एकही बसत नाही. तेच म्हणतात सगळे — वहिनी, तुमची खालची बसू दे, की आम्ही आणतोच! आणि मी म्हणते, तुम्ही आणा, की मी काढते! झालं, बसलोय सगळे एकमेकांकडे बघत. मग मला सांगा, चूक कोणाची? माझी? सगळ्यात खालची फळी सगळ्यात खालच्या घराला द्यायची अक्कल कोणाची — माझी? जवळ पडेल म्हणे! बेकरीवाल्याला का नाही दिली? त्याच्याकडे ना म्हातारं माणूस ना ओल, बसला असता घेऊन... पण नाही. ज्याच्या घरात पाणी, त्यानंच पहिलं वाकायचं. यालाच तुम्ही सामायिक म्हणता. मी दुसरं काहीतरी म्हणते, पण तुम्ही पाहुणे आहात.

वाजतोय तुमचा. खिशात वाजतोय. घ्या ना, मी गप्प बसते, मला तेवढं कळतं.

काय झालं?

साहेब, तोंड असं का झालं तुमचं? सोडलं? धरणाचं सोडलं? कधी — सकाळीच? आणि तुम्हाला आत्ता सांगतायत? अहो, तुम्ही एकाच सरकारचे ना? हो, हो, ते खातं वेगळं. ते सोडणार, तुम्ही फोटो काढणार, खाती वेगळी. आणि भोंगा? भोंगा का नाही वाजला? शाळेच्या गच्चीवर बसवलाय तो, आणि शाळेला — कळलं. पावसाची सुट्टी. वा! पावसामुळे पावसाचा भोंगा बंद. यावर मी एरवी तुम्हाला दिवसभर हसवलं असतं.

किती वेळ आहे? खरं सांगा, कचेरीतलं नको. एवढाच? इस्त्री बंद करा ती, बटण मागे आहे. मी आता काय करू? फळी काढली तर यांना ठेवू कुठे, जमिनीवर? आणि नाही काढली तर पाणी तिथेच येणार, पलंगाच्या वर. काढून नेली आणि बाकीचे आलेच नाहीत, तर एका फळीनं काय घोटाभर पाणी अडणार? आणि नाही नेली तर ते म्हणणार, हिनंच नाही आणली. — धाकटे! ए धाकटे! दार उघड! ऐकू येत नाही तिला, पंखा लावून बसली असेल. या आत. या हो, आता कसली बाईमाणसाची खोली! बाजूला घ्या तो पडदा. तुम्ही डोक्याकडून धरा, मी पायाकडून, हळूच उचलून आधी — आई, घाबरू नका, आम्ही फक्त तुम्हाला —

अहो आई!

हे काय? पलंगावरून खाली कशा आलात? पडलात? कुठे लागलं? सरकत? एकट्या सरकत उतरलात? अहो, हाड मोडलं असतं ना! कोणी सांगितलं तुम्हाला? मी होते ना बाहेर, मी येतच होते ना — काय? मोठ्यानं बोला. काय म्हणताय?

"ने" म्हणतात. ऐकलंत, साहेब? फळीकडे हात करून "ने" म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हापासून या बाईच्या तोंडून "दे" सोडून दुसरं काही ऐकलं नाही. चहा दे, पाणी दे, औषध दे, हात दे. आणि आज —

उचला. उभे काय राहिलात, उचला ती! त्यांनी मोकळी करून दिलीय तुम्हाला. उचलत नसेल तर ओढत न्या, मीही ओढतच नेली होती. रबराचं अंग खाली, पक्कं बसेल असं दाबा, वर उभे राहून दाबा. आणि मग गल्लीत ओरडा. ताबा-मालकी काही बोलू नका, योजनेचं नाव घेऊ नका. नुसतं सांगा, खालची फळी बसलीय आणि म्हातारी जमिनीवर आहे. दारादारांत सांगा. धाकटीच्या दारावर तुम्ही स्वतः थाप मारा, माझी थाप तिला सवयीची झालीय. कोणी दोघं-तिघं आलेच, तर यांना वर नेऊ. नाही आले तर — नाही आले तर आम्ही कुठे जातोय? इथेच आहोत.

मी नाही येत. यांना एकटं सोडून मी एकदा गेले होते. तुम्ही जा. अहो, जा म्हणते ना, माझ्याकडे काय बघत बसलात, नदीकडे बघा!

सरका आई थोड्या भिंतीकडे. मलाही बसू द्या.